मोटारीचे छत का लोंबते?



मागच्या नौतप्यात आमच्या जुन्या मोटारीच्या आतल्या छताचे कापड सुटले. आधी मागच्या काचेपाशी फुगा आला, मग झोळी झाली आणि आरशात मागचे दिसेनासे झाले. शाळा सुटताना फाटकापाशी गाडी मागे घ्यायची, आजूबाजूला पहिली-दुसरीची मुले. ही गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

आम्ही आधी टाचण्या लावल्या, मग फटीतून गोंद सोडला. चार दिवसांत पुन्हा झोळी, वर कापडावर डाग. (घरच्यांनी काय ऐकवले ते इथे लिहीत नाही.) शेवटी सीट कव्हरवाल्याकडे गेलो. त्याने कापडामागे बोट फिरवून दाखवले, तर बोटाला पिवळट भुगा. म्हणाला, "सर, गोंद का दोष नहीं, फोम मर गया."

तो म्हणाला ते शास्त्रशुद्ध होते. छताला कापड थेट चिकटलेले नसते. कापडाच्या पाठीला पॉलियुरेथेन फोमचा काही मिलिमीटरचा पातळ थर असतो आणि तो थर साच्यातल्या कडक पुठ्ठ्याला किंवा काचतंतूंच्या पाट्याला चिकटवलेला असतो. उन्हात बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाते. त्या उष्णतेने, हवेतल्या प्राणवायूने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने फोमच्या लांब रेणुसाखळ्या वर्षानुवर्षे तुटत जातात आणि फोमचे पीठ होते. पिठावर कितीही भारी गोंद लावा, तो पिठालाच धरणार, पाट्याला नाही. आमचा गोंद का सुटला ते तेव्हा कळले.

म्हणून दुरुस्तीतले खरे काम साफसफाईचे. बॅटरीची तार काढून दिवा, सावलीच्या झडपा, हातकड्या उतरवायच्या आणि पाटा न वाकवता मागच्या दाराने बाहेर काढायचा. वाकला की तडकतो. जुने कापड ओढून नायलॉनच्या ब्रशने सगळा भुगा खरवडायचा, तोंडाला फडके बांधून. आमच्या कारागिराचा निम्मा दिवस यातच गेला. मग फोम लावलेले नवे कापड आणि उष्णता सोसणारा गोंद. गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला तार न सुटण्याइतका सुकू द्यायचा आणि कापड मधून कडेकडे तळहाताने दाबत न्यायचे. एकदा चिकटले की सरकवता येत नाही. कडा मागे दुमडायच्या, दिव्याचे भोक शेवटी कापायचे. हे सारे मोकळ्या हवेत करावे. गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते.

ज्या गाड्यांत छताच्या कडेला एअरबॅग असते, तिथे मात्र घरी हात घालू नये. ते काम जाणकाराचेच.

त्या भुग्याची बाटली आम्ही विज्ञान प्रयोगशाळेत ठेवली आहे, शेजारी नव्या फोमचा तुकडाही. नववी-दहावीच्या मुलांनी दोन्ही चिमटीत धरून पाहावेत.