गालावरची लाली आणि तोंडातला न दुखणारा छाला : मुलांमधील ल्युपस



लोणी-धामणी हा आंबेगावचा पूर्व भाग उन्हाचा. इथे मुलांचे चेहरे रापणारच. पण एखाद्या मुलीच्या गालावर उन्हात गेलं की चट्टा उठतो आणि दिवसेंदिवस जात नाही, असं दिसलं तर नीट बघा.

ल्युपस म्हणजे काय?
या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचा, सांधे, रक्त व मूत्रपिंडावर उलटते. तो कमी आढळतो. बहुधा दहाव्या वर्षानंतर दिसतो, मुलींमध्ये जास्त. हा संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने किंवा एका डब्यात जेवल्याने होत नाही.

काय पाहाल?
१) चेहरा : दोन्ही गाल व नाकावर फुलपाखरासारखा चट्टा. नाकाकडून ओठाकडे जाणारी घडी बहुधा मोकळी राहते. सावळ्या रंगावर तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो.
२) कान व डोकं : गोल, खवल्यांचे चट्टे. हे गजकर्ण समजले जातात. व्रण राहिला तर तिथे केस परत येत नाहीत.
३) तोंड : टाळूवर छाला. तो बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. बॅटरीच्या उजेडात टाळू पाहा.
४) केस विंचरताना फार गळणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं.

एका खुणेवरून घाबरू नका. तोंड तर कुणालाही येतं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत आधी रक्तातील एएनए चाचणी सकारात्मक लागते. मग गुण मोजतात : गालावरच्या चट्ट्याला ६, तोंडातल्या छाल्याला २. एकूण किमान १० हवेत. हे निकष संशोधनासाठी आहेत, निदान डॉक्टरच करतात.

मग घाई कशाला?
कारण मुलांमध्ये मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि सुरुवातीला ती दुखत नाही. चट्ट्यासोबत ताप, सांधेदुखी, थकवा, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी असेल तर थांबू नका. लघवीची तपासणी व रक्तदाब या साध्या गोष्टींतून बरंच कळतं.

काय करावं?
मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणून लावू नका. स्टिरॉइडच्या मलमाने चट्टा दबतो, आजार आत चालू राहतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की मुलीला आवर्जून दाखवा. पथकाची वाट पाहण्यापेक्षा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. पुढे गरज पडल्यास पुण्याचं ससून आहे.

निदान झालेल्या मुलीला परिपाठाला सावलीत उभं करा, खेळाच्या तासाला टोपी व पूर्ण बाह्या चालू द्या. गोळ्या मनाने बंद करू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो. त्यावरून वर्गात कुणी चिडवणार नाही, हे पाहणं आपलं काम आहे.