पाचशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर गेले

आई-बाबांनो, जून २०१९ मधली एक दुपार माझ्या मनातून जात नाही. दहावीचा निकाल एक वाजता लागणार होता. खोपोलीच्या शिळफाट्याजवळ चाळीत राहणारी एक ताई बंगल्यावरचं काम अर्धं टाकून तडक माझ्या दारात आली. शेजारच्या पोराने मोबाइलवर निकाल काढून दिला होता. मुलाचे गणित आणि इंग्रजी, दोन विषय राहिले होते. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, शाळेत पाठवला, क्लास लावला, वह्या-पुस्तकं कधी कमी पडू दिली नाहीत. मग चुकलं कुणाचं?"

मी तिला पाणी दिलं, चहा केला, धीर दिला. उत्तर मात्र दिलं नाही, कारण उत्तरात माझंही नाव होतं. तो मुलगा आठवीत आणि नववीत माझ्या गणिताच्या वर्गात होता.

आठवीच्या वर्षी एकदा मधल्या सुट्टीत मी त्याची वही हातात घेतली होती. अक्षर मोत्यासारखं. समास आखलेला, उत्तराखाली दोन रेघा, पानापानावर लाल शाईची माझीच बरोबरची खूण. वही पाहून कुणीही म्हणालं असतं, हुशार मुलगा. सहज म्हणून मी कागदावर लिहून दिलं, ५०२ वजा १७८. त्याने जरा विचार केला आणि उत्तर लिहिलं, ४७६. पाचातून एक गेला, चार. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं, सात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन, सहा. मोठ्यातून लहान जातो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. हातचा घ्यायचा तो कुठून आणि का, हे त्याला तिसरीत समजलं नव्हतं आणि पुढची पाच वर्षं कुणीही विचारलं नव्हतं. वहीतलं सगळं फळ्यावरून उतरवलेलं होतं.

मी काय केलं? दोनदा समजावलं, घंटा झाली, वर्गात गेले आणि बैजिक राशींचे अवयव शिकवायला लागले. पोर्शन संपवायचा होता. वर्गात साठाच्या वर मुलं होती. ही कारणं खरी आहेत. पण त्या दिवशी मला कळलं होतं आणि तरी मी पुढे गेले, हेही खरं आहे. चुकलं कुणाचं या प्रश्नाच्या उत्तरात पहिलं नाव मी माझं घालते, मगच पुढचं बोलते.

त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता, पुढच्या वर्षी ९५.३० झाला. महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात ढ आणि पुढच्या वर्षात हुशार होत नसतात. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२० ला तर कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. म्हणून सांगते, "शाळेचा निकाल ९५ टक्के" हा फलक पाहून निश्चिंत होऊ नका. ज्या वर्षी निकाल चांगला लागला, त्या वर्षीही माझ्या वर्गात ४७६ लिहिणारी मुलं होती. ती काठावर निघाली, एवढंच. आणि दरवर्षी पेपरात "कोकण अव्वल" छापून येतं ना, तो कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आपला रायगड मुंबई विभागात मोजला जातो.

सरकारचा वाटा मोठा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणालाही नापास करून मागे ठेवायचं नाही, हा त्यातला भाग सगळ्यांनी लगेच पाळला. पण त्याच कायद्याने सांगितलं होतं की मूल वर्षभर तपासत राहा, जिथे अडलं तिथे हात द्या. हा अर्धा भाग कागदावर राहिला. शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला, ऑनलाइन माहिती भरायला, पोषण आहाराच्या नोंदींना. काही शाळांत एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग. मुलं मात्र दर जूनला वरच्या बाकावर. आता २०२३-२४ पासून राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. तिच्यात नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसणं. कुणी म्हणतं, बरं झालं, धाक राहील. मला तसं वाटत नाही. तिसरीत न समजलेला हातचा पाचवीत पुन्हा बसवल्याने आपोआप समजत नाही. तो कुणीतरी शेजारी बसून दाखवावा लागतो.

आता तुमच्याकडे येते. रागावू नका.

आपल्या भागातली घरं मी आतून पाहिली आहेत. बाबा पहाटेच्या लोकलला, खोपोलीहून लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत आणि तिथून पुढे अंबरनाथ-ठाण्याला. नाहीतर इथेच कंपनीत ठेकेदाराकडे, या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. आई फार्महाऊसवर नाहीतर सोसायटीत कामाला. रात्री नऊला घर एकत्र येतं, तेव्हा मूल पेंगत असतं. अशा आईला "मुलाचा अभ्यास घेत जा" असं सांगणं सोपं आहे. मीही पालक सभेत वर्षानुवर्षं तेच सांगत आले. त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

पण एक गोष्ट तुमच्या हातातली होती आणि ती निसटते आहे. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला आपण गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतो, नाहीतर गणित-विज्ञान इंग्रजीतून म्हणून सेमीला. त्यामागची तळमळ मला कळते, आपल्यासारखे कष्ट त्याच्या वाट्याला येऊ नयेत. पण त्या दिवशी वहीचं दार आपल्याला बंद होतं. आई वही उघडते, तिला कळत नाही, ती मिटते. मग क्लास लावायचा. क्लासमध्ये पुन्हा पन्नास मुलं, पुन्हा फळ्यावरून उतरवणं. पैसे गेले म्हणजे जबाबदारी पार पडली असं वाटतं, आणि मूल तिथेच राहतं. सेमी वाईट नाही, पण जे माध्यम घ्याल त्यात मूल स्वतः वाचतं का, हे बघा. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. भाकरी थापता थापता त्याला धडा मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला अर्थ नाही कळला तरी अडखळणं ऐकू येतं. अक्षर न ओळखणाऱ्या आईलाही ऐकू येतं.

आणि शाळेत जा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यातले पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. किती जणींना हे ठाऊक आहे? माझ्या ओळखीच्या एका आईला आपण सभासद आहोत हे दोन वर्षांनी कळलं. सही मात्र सहा वेळा घेतली होती. रजिस्टर घरी येईल तर सही करू नका, सभेला बसूनच करा. तिथे रंगरंगोटीचा आणि स्नेहसंमेलनाचा विषय निघेल. तुम्ही विचारा, तिसरीतल्या किती मुलांना परिच्छेद वाचता येतो? किती जणांना हातच्याची वजाबाकी येते? हुतात्मा भाई कोतवालांनी याच कर्जतच्या परिसरात गरिबांसाठी धान्यकोठ्या आणि गावोगाव शाळा काढल्या, त्या गावाच्या बळावर. शाळा गावाने विचारायची असते, ही रीत आपल्या मातीत जुनी आहे.

कातकरी वाड्यांमधल्या आई-बाबांना मात्र मी हे सगळं सांगू शकत नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. मूल मधले पाच-सहा महिने वर्गात नसतं. घरची कातकरी वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. त्या मुलाला नापास म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. त्याला गावातच ठेवून घ्यायला हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं का, आणि भट्टीजवळच्या शाळेने त्याला बसवून घेतलं का, हे विचारायचं काम आपलं, इथे वर्षभर राहणाऱ्यांचं.

त्या ताईच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगते, कारण त्यात मला सगळ्यात जास्त टोचतं. २०१५ पासून नापास मुलांची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. त्याला हे कुणी सांगितलंच नाही. मी त्या दुपारी चहा दिला आणि तेवढं सांगायचं राहिलं. शाळा सांगेल असं धरून चालले. मी चौकशीला गेले तोवर तो हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला लागला होता. आज तो गाडी चालवतो. कष्टाळू आहे, सरळ आहे. हिशेब मोबाइलवर करतो.

गेल्या दिवाळीत ती ताई पुन्हा आली. सोबत धाकट्या जावेची मुलगी, तिसरीतली. "बाई, हिला आधीच दाखवते," म्हणाली. मी तेच लिहून दिलं, ५०२ वजा १७८. पोरीने ४७६ लिहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

मी कालनिर्णयची जुनी पानं कापली. शंभराच्या पाच नोटा केल्या, दोन रुपयांचं नाणं डब्यातून काढायला गेले तर ताई म्हणाली, एकेक रुपयाची दोन घ्या. पोरीच्या हातात पाचशे दोन रुपये दिले आणि ताई झाली दुकानदार. "एकशे अठ्ठ्याहत्तर झाले, दे."

पोरीने शंभराची एक नोट दिली. मग अडली. हातातल्या नोटा खालीवर केल्या, दोन नाण्यांकडे पाहिलं.

"काकी," ती म्हणाली, "सुट्टे करून आणायला लागतील."