तळ्यातील वनस्पती : पाणी शुद्ध केव्हा, घातक केव्हा?

आमचा धंदा कापडाचा. माशांशी संबंध आला तो भागीदारीमुळे. एका शेतकरी मित्राच्या 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडण्यासाठी आम्ही रक्कम घातली. डकवीडने पाणी साफ राहते असे ऐकले होते. ही टिकलीपेक्षाही बारीक, पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती. ती आणून सोडली. थोड्याच दिवसांत सारे तळे हिरव्या गालिच्यासारखे झाले आणि आम्ही खूश झालो. मग एका ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळू लागले. उजाडेपर्यंत निम्मा माल पोट वर करून तरंगत होता.

चूक आमचीच होती. ऐकलेली गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती.

आपण खाद्य टाकतो, त्यातल्या नायट्रोजनचा मोठा भाग मासे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशांना विषारी, पण वनस्पतींना तो खत आहे. डकवीड तो शोषून वाढते. ऊन व खत मिळाले तर दोन-चार दिवसांत दुप्पट होते. मात्र तो माल तळ्यातच राहिला तर मरून कुजतो, शोषलेले सारे परत पाण्यात येते आणि कुजताना प्राणवायू खर्च होतो. म्हणजे गोदामात माल भरत जायचे आणि विकायचाच नाही, असा हा प्रकार. वनस्पती बाहेर काढली तरच घाण बाहेर गेली.

दुसरी गोष्ट झाकणाची. पाण्यातला प्राणवायू दिवसा मुख्यतः सूक्ष्म शेवाळ तयार करते. वर पूर्ण आच्छादन आले की खाली ऊन पोचत नाही, वाऱ्याची हवाही पाण्यात नीट मिसळत नाही. रात्री सगळेच श्वास घेतात, म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. लिटरमागे 5 मिलिग्रॅम असावा. 3 च्या खाली मासे त्रासतात.

बांगलादेशात टांगाइल जिल्ह्यातील मिर्झापूर येथे 1990 च्या दशकात रुग्णालयाच्या परिसरातील सांडपाण्यावर वेगळ्या तलावात डकवीड वाढवीत. ते नियमित काढून दुसऱ्या तळ्यातील माशांना खाऊ घालीत. झाडे एकीकडे, मासे दुसरीकडे. हा हिशेब आम्हाला पटला.

जागा नसेल तर तोंडे बंद केलेल्या प्लॅस्टिक पाइपची तरंगती चौकट करून डकवीड एका कोपऱ्यात कोंडावे. आम्ही पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ देत नाही. एक दिवसाआड निम्मे काढतो; गवत्या मासा ते आवडीने खातो, उरलेले कोंबड्यांना. जलपर्णी मात्र आणू नये, ती नाल्यात गेली की आवरत नाही. पंचगंगेचे हाल सर्वांनी पाहिले आहेत.

आपल्या कापडवाल्यांसाठी एक खास सूचना. रंगाईच्या कारखान्याचे पाणी तळ्यात घेऊ नका. वनस्पती त्यातील जड धातू शोषतात, नष्ट करीत नाहीत. तेच डकवीड माशाला घातले तर विष आपल्याच ताटात येते.

आणि पहाटे पाचला तळ्यावर चक्कर मारा. मासे वर आलेले दिसले तर पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा, आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा.