ऑपरेशनआधी घड्याळ काढायला का लावतात?

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून उठून चालायला लावले, कागदावर घड्याळ काढायला सांगितले, खर्रा किती वर्षे खाता तेही विचारले. रक्त, ईसीजी सगळे झालेले असताना हे कशासाठी?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या वडिलांची तपासणी मनापासून झाली आहे. ईसीजी स्वस्थ पडलेल्या माणसाचा निघतो. ऑपरेशनचा ताण शरीराला किती झेपेल, हे चालण्यातून अधिक कळते. खुर्चीतून उठून ३ मीटर जायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंदांहून जास्त लागले, तर तोल आणि ताकद कमी पडते आहे असे समजतात. कॅनडाच्या केनेथ रॉकवूड यांच्या चमूने २००५ मध्ये मांडलेल्या दुर्बलतेच्या मोजपट्टीला आज ९ पायऱ्या आहेत, पण तिच्यात वय कुठेच मोजले जात नाही.

घड्याळाचे चित्र स्मरण आणि आकलन तपासते. ते कमकुवत असेल तर ऑपरेशननंतर रुग्ण भ्रमात जाण्याची भीती असते : रात्री बडबडतो, सलाईन ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. आधी कळले की गुंगीची औषधे टाळता येतात, चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच देता येते, ओळखीचे माणूस उशाशी ठेवता येते. मात्र ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांचे घड्याळ चुकले म्हणून बुद्धी मंदावली असे मानू नये. तिथे पैशांचा हिशेब, गोळ्यांची वेळ स्वतः सांभाळतात का, हे घरच्यांना विचारावे.

खर्ऱ्यातल्या सुपारीने गालांच्या आतली त्वचा आखडते, तोंड पुरते उघडत नाही. मग श्वासनळीत नळी घालणे कठीण जाते. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दुर्बिणीची तयारी ठेवतात किंवा शक्य असल्यास कमरेत भूल देतात.

झरी जामणी असो की उमरखेड, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कुठल्याही दवाखान्यात वडीलधाऱ्यांना नेताना, त्यांना रोज गोळ्या देणारी व्यक्ती, मग ती सून असो वा नातू, सोबत असू द्या. सगळ्या गोळ्या आणि गावठी औषधेसुद्धा पिशवीत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. स्वतःहून बंद करू नका. आणि खुब्याचे हाड मोडले असेल तर थांबू नका. ते ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावे लागते, म्हणून ही तपासणीही त्याच दिवशी उरकावी.