पृष्ठभाग आधी ठरव

कोल्हापूर

चि. सोनूस,


कपांचे फोटो मिळाले. एकावर कोल्हापुरी साज, एकावर चप्पल, एकावर तालमीतले मल्ल. रेघ स्वच्छ आहे तुझी. पण विचारलंसच म्हणून सांगते, ही चित्रं कागदावरही इतकीच शोभली असती. भांडं भाजून झालं की ‘आता यावर काय काढू?’ असं विचारण्यात उशीर झालेला असतो. माती कोणती, आच किती, भांड्यात काय वाढणार, हे ठरवतानाच पृष्ठभागही ठरतो.

1870च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केलं, तेव्हा अजिंठ्याच्या आकृत्या भांड्यांवर आल्या. भिंतीवरचं चित्र समोर उभं राहून पाहता येतं. भांड्याचं पोट मात्र नजरेआड वळतं. म्हणून भांडं फिरवताना उलगडत जाईल अशीच नक्षी निवड. कधी नक्षी लागतही नाही. चाकावर बोटांनी उठलेले वळ राहू दे. वरचं काचेसारखं ग्लेझ खोलगटात साचून गडद होतं, काठावर पातळ होऊन खालची माती दाखवतं.

मग यात कोल्हापूर कुठे, असं विचारशील. इथल्या जिनसा वापर की. पन्हाळ्याकडच्या जांभ्यात लोह भरपूर आहे. त्याची पूड वस्त्रगाळ करून ग्लेझमध्ये घाल. तुझ्या विजेच्या भट्टीत लोहाचे मधासारखे, तपकिरी रंग येतील. प्राणवायू कोंडणाऱ्या गॅसच्या भट्टीत तेच लोह टक्काभर असलं तर हिरवट झाक देतं, आठ-दहा टक्के असलं तर काळपट होतं. गुऱ्हाळाच्या चुलवणातली चिपाडाची राखही आण. तिच्यात मुख्यतः सिलिका असते, त्यामुळे ती एकटी नीट वितळत नाही. फेल्डस्पार आणि चुना जोडीला लागतो.

सुरुवातीला जुनं, सोपं प्रमाण धर: फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, खडूची पूड 20, चिनी माती 10. हे 1280 अंशांच्या आसपास वितळतं. कुंभारगल्लीतल्या लाल मातीला एवढी आच झेपणार नाही, त्यासाठी स्टोनवेअरची माती घे. एका वेळी एकच जिन्नस बदल. नमुन्याच्या पट्ट्या उभ्या भाज, म्हणजे ग्लेझ किती ओघळतं ते कळेल. मागे लोहाच्या रंगाने क्रमांक घाल. ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली, तर भांड्यावरची धूळ आणि ग्लेझची जाडी आधी तपास. बारीक जाळीदार तडे गेले, तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. थोडं क्वार्ट्झ वाढवून पाहा.

हे तडे शोभेच्या फुलदाणीवर खपतील, रश्श्याच्या वाटीत नाही. तांबड्या रश्श्याचा कट त्यांत मुरतो आणि मग कितीही घासलं तरी निघत नाही. वाटी आतून गुळगुळीत हवी, खेळ बाहेरून कर. पांढऱ्या रश्श्याला आतून काळपट ग्लेझ देऊन बघ, रस्सा उठून दिसेल. शिसं मात्र कोणत्याही रूपात वापरू नकोस. आंबटाबरोबर ते अन्नात उतरतं. लिंबाची फोड रात्रभर ठेवून ग्लेझचा रंग उडाला, तर ते जेवणाच्या भांड्याला नको. रंग टिकला म्हणजे भांडं सुरक्षित झालं असंही नाही. विक्रीच्या भांड्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून घे.

आणि प्रत्येक भांड्याला ग्लेझची काच हवीच, असंही नाही. इथल्या, कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीला 1945-46 साली सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तिथे सातवाहनकाळची वस्ती निघाली. त्या काळच्या कुंभारांनी काचेविना, पातळ मातीचा लेप देऊन आणि घोटून भांड्यांना तकाकी आणली. तुला जमेल तेव्हा एक घडा नुसता घोटून भाज. हाताला पृष्ठभाग कळायला त्याइतका चांगला धडा नाही.

क्वार्ट्झची पूड कालवताना मास्क लाव, ती फुप्फुसात बसते. आणि वाट्या विकायला काढण्याआधी घरी रोजच्या जेवणात वापर. त्या घासणाऱ्याचं मत आधी विचार, प्रदर्शनातल्या पाहुण्यांचं मग.

तुझी,
आत्या