बेअरिंगवरील किमान भार : दुर्लक्षित पण महत्त्वाचा घटक

मळणी यंत्र, कडबा कुट्टी, पंप व विद्युत मोटार यांतील बेअरिंग अतिभाराने निकामी होते, हे सर्वपरिचित आहे. मात्र गरजेपेक्षा फार कमी भारही बेअरिंगचे आयुष्य घटवतो. हे लक्षात न आल्याने बिघडलेल्या बेअरिंगच्या जागी अधिक दणकट बेअरिंग बसवले जाते आणि तेही अल्पावधीत खराब होते.

कारणमीमांसा
बेअरिंगमधील गोळ्या किंवा रोलर कड्यांवर लोळत राहण्यासाठी पुरेसे घर्षण आवश्यक असते व ते भारामुळेच मिळते. भार अपुरा असल्यास ते लोळण्याऐवजी घसरतात, वंगणाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासला जातो. अधिक वेग, वेगातील अचानक वाढ आणि थंडीत घट्ट झालेले ग्रीस यांमुळे हा धोका वाढतो.

किमान भार किती असावा?
सर्वसाधारणपणे गोळ्यांच्या बेअरिंगवर त्याच्या गतिक भारक्षमतेच्या १ टक्का, तर रोलर बेअरिंगवर २ टक्के भार असावा. ३० मिमी शाफ्टच्या ६२०६ बेअरिंगची क्षमता सुमारे २० किलोन्यूटन असते. त्याला साधारण २० किलो वजनाइतका भार पुरतो. त्याच मापाच्या एनयू २०६ रोलर बेअरिंगची क्षमता सुमारे ४४ किलोन्यूटन असल्याने त्याला जवळपास ९० किलो भार लागतो.

काही मोटारींना पट्ट्याची ओढ पेलण्यासाठी पुलीच्या बाजूस रोलर बेअरिंग दिलेले असते. अशी मोटार पुढे कपलिंगद्वारे थेट पंपाला जोडल्यास ती ओढ नाहीशी होते. बेअरिंगवर मुख्यतः रोटरच्या वजनाचा काही हिस्सा उरतो आणि रोलर घसरू लागतात.

घ्यावयाची काळजी
• मूळ क्रमांकाचेच बेअरिंग वापरावे. मोठे किंवा रोलर प्रकारचे बेअरिंग परस्पर बसवू नये.
• पट्ट्याऐवजी कपलिंग जोडताना योग्य बेअरिंगबाबत उत्पादकाचा सल्ला घ्यावा.
• मोटारीच्या झाकणातील लहरी स्प्रिंग वॉशर दुरुस्तीनंतर पुन्हा बसवावी. ती गोळ्यांच्या बेअरिंगवर सतत हलका दाब ठेवते.
• पट्ट्याचा ताण शिफारशीनुसार ठेवावा. सैल वा अतिघट्ट नसावा.
• शिफारस केलेलेच ग्रीस योग्य प्रमाणात भरावे.

रिकामे चालताना होणारा खरखराट भार येताच थांबत असेल, तर अपुऱ्या भाराची शक्यता तपासावी. बेअरिंग वारंवार बिघडत असल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी बदलीचा सल्ला देण्यापूर्वी जुन्या बेअरिंगचा क्रमांक आणि यंत्राच्या जोडणीत झालेला बदल यांची नोंद अवश्य घ्यावी.