चित्राची किंमत : व्हिडिओ गेमच्या यंत्ररचनेतील दर्जा आणि खर्च

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण रॉबिन्स यांची व्याख्या शिकतो. गरजा अमर्याद, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग अनेक. म्हणून माणसाला निवड करावी लागते. १९३२ साली मांडलेल्या या विचाराची उदाहरणे आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा गहू-तांदळाची किंवा तोफा आणि लोण्याची असतात. प्रस्तुत लेखात मी एक वेगळे उदाहरण घेणार आहे. ते आहे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचे. अशा यंत्रातील चित्र किती सुंदर असावे, त्या सौंदर्यासाठी किती खर्च करावा आणि तो खर्च अखेर कोणाच्या खिशातून जातो, हा माझा प्रश्न आहे.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. चित्र हा कलेचा विषय आहे आणि खर्च हा अर्थशास्त्राचा. दोन्ही विषय आपल्याच शाखेत शिकवले जातात. शिवाय या यंत्राच्या इतिहासात कलेला काटकसरीने जे वळण लावले, ते पाहण्यासारखे आहे.

पडदा घरचा, यंत्र विकतचे

राल्फ बेअर यांच्या संशोधनातून तयार झालेले ‘ओडिसी’ हे घरगुती खेळाचे पहिले यंत्र अमेरिकेत १९७२ साली बाजारात आले. त्याची किंमत सुमारे १०० डॉलर होती. बेअर यांची कल्पना अशी की पडदा तर लोकांच्या घरात आहेच, त्यावर खेळ दाखवणारी पेटी तेवढी विकावी. खर्चाची पहिली मोठी बचत ही. परंतु या पेटीला पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ यांपलीकडे काही दाखवता येत नव्हते. मग मैदान, रस्ता, जाळी कशी दाखवायची? कंपनीने प्लॅस्टिकचे रंगीत पारदर्शक ताव दिले. ते पडद्यावर चिकटवायचे आणि त्यामागून ठिपका हलताना पाहायचा. यंत्राला जे परवडत नव्हते ते प्लॅस्टिकच्या तावाने भागवले.

१९७५ साली ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ या कंपनीने ‘६५०२’ नावाची चिप अवघ्या २५ डॉलरला विकण्यास काढली. तोपर्यंत अशा चिपांना शेकडो डॉलर पडत. याच चिपेची आणखी स्वस्त आवृत्ती घेऊन अटारी कंपनीने १९७७ साली आपले यंत्र आणले. त्यात चालू मेमरी होती फक्त १२८ बाइट.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेऊ. या यंत्राच्या चित्रात आडवे १६० आणि उभे १९२, म्हणजे एकूण ३०,७२० ठिपके मावतात. प्रत्येक ठिपका नुसता काळा की पांढरा एवढेच लिहून ठेवायचे म्हटले तरी ३,८४० बाइट लागतात. यंत्राजवळ होती त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकी मेमरी, आणि तीही खेळातील गुण, स्थाने वगैरे सर्व कामांसाठी. म्हणजे चित्र साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. पडद्यावर एक ओळ उमटत असतानाच पुढच्या ओळीत काय काढायचे हे खेळ लिहिणाऱ्याला सांगावे लागे. भाकऱ्या रचून ठेवायला दुरडीच नसावी आणि तव्यावरून उतरलेली भाकरी थेट ताटात पडावी, तसा हा प्रकार. त्या काळी मेमरी महाग होती म्हणून ती काढून टाकली, आणि तिची जागा खेळ लिहिणाऱ्याच्या श्रमाने भरून काढली. खर्च नाहीसा झाला नाही, त्याचा धनी तेवढा बदलला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

खिळ्यांचा छापखाना

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १४,८०० येन किमतीला विक्रीस आले. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. चिपा स्वस्त मिळाव्यात म्हणून निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी रिको कंपनीला दोन वर्षांत ३० लाख चिपा उचलण्याची हमी दिली होती. हा झाला व्यापारातील धाडसाचा भाग. परंतु रचनेतील खरी युक्ती वेगळी होती, आणि ती समजण्यास आपल्याला जुन्या छापखान्याइतके चांगले उदाहरण नाही.

खिळे जुळवून छापण्याच्या पद्धतीत प्रत्येक पान नव्याने कोरत नाहीत. अक्षरांचे खिळे एकदाच ओततात आणि तेच पुनःपुन्हा जुळवून हजारो पाने छापतात. ‘फॅमिकॉम’ने चित्राच्या बाबतीत हेच केले. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे चित्राचे छोटे खिळे खेळाच्या कॅसेटमध्येच भरून दिलेले असत. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा, म्हणजे ३२ बाय ३०, एकूण ९६० घरांचा. कोणत्या घरात कोणत्या क्रमांकाचा खिळा बसवायचा, एवढेच यंत्राने लक्षात ठेवायचे.

आता हिशेब पाहा. चार रंगांतला प्रत्येक ठिपका स्वतंत्र लिहून ठेवायचा तर १५,३६० बाइट हवेत. खिळ्यांच्या पद्धतीने ९६० घरांचे ९६० बाइट आणि रंगांच्या नोंदीचे ६४ बाइट, असे १,०२४ बाइट पुरतात. पंधरा रुपयांचे काम एका रुपयात झाले.

अर्थात एक रुपयाच्या कामाला एक रुपयाच्या मर्यादाही असतात. शेजारशेजारच्या चार खिळ्यांना रंगांचा एकच संच वापरावा लागे. एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे आली तर उरलेली दिसत नसत, म्हणून गर्दीच्या प्रसंगी पात्रे लुकलुकत. तथापि कलावंतांनी या मर्यादांतून मार्ग काढला. डोक्यावरील केस किंवा तोंड मोजक्या ठिपक्यांत धड दिसत नाही हे ओळखून शिगेरू मियामोतो यांनी १९८१ सालीच आपल्या एका पात्राला टोपी घातली आणि मिशा काढल्या. ते पात्र म्हणजेच मारिओ. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे नीट पाहावीत. आकार एकच आहे, रंग तेवढा बदललेला. हा सगळा खेळ ४० किलोबाइटांत मावला.

देवनागरीच्या छपाईत आपण या पेचातून फार पूर्वीच गेलो आहोत. जोडाक्षरे, काने, मात्रा यांमुळे मराठी छापखान्याला इंग्रजीच्या मानाने कितीतरी अधिक खिळे लागत आणि त्यामुळे खर्च वाढे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला तो याच कारणाने. अक्षर सुबक राहावे, पण अंक सामान्य वाचकाला परवडावा, ही ओढाताण जपानी रचनाकाराची जशी, तशीच ती मराठी संपादकाचीही होती.

झळाळी जिंकतेच असे नाही

उत्तम चित्र देणारे यंत्रच बाजार जिंकेल, अशी आपली सहज समजूत असते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९८९ साली निन्टेंडोने ‘गेम बॉय’ हे हातात धरण्याचे यंत्र आणले. त्याच्या पडद्यावर रंग नव्हता. हिरवट-करड्या चार छटा होत्या. त्याच वर्षी अटारीचे रंगीत पडद्याचे ‘लिंक्स’ आले. लिंक्सला सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले, आणि त्याची किंमतही कमी होती. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे खपली. लिंक्सचे नाव आज संग्राहकांनाच ठाऊक आहे. गेम बॉयचे रचनाकार गुनपेई योकोई यांचे सूत्रच होते की नव्या कोऱ्या तंत्रामागे न धावता स्वस्त झालेल्या, मुरलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत ‘निओ जिओ’ या यंत्राने नाक्यावरच्या खेळघरातील चित्र जसेच्या तसे घरी आणले, पण किंमत होती सुमारे ६५० डॉलर. १९९३ चे ‘थ्रीडीओ’ ७०० डॉलरचे. दोन्ही सामान्य घरांपर्यंत पोचली नाहीत. २००६ साली सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ ५०० आणि ६०० डॉलरला आले. ते घडवण्याचा खर्च या किमतीहूनही जास्त होता. खेळांच्या विक्रीतून तो भरून काढायचा, असा हिशेब होता. त्याच सुमारास निन्टेंडोने चित्राच्या दृष्टीने कितीतरी साधे असलेले ‘वी’ २५० डॉलरला विकले, आणि खपात तेच पुढे राहिले. त्याची १० कोटींवर यंत्रे खपली. चित्रावर वाचवलेला पैसा निन्टेंडोने हात हलवून खेळण्याच्या नव्या पद्धतीवर लावला होता. अर्थशास्त्रात ज्याला आपण संधिव्यय म्हणतो तो हाच.

आपल्या बाजारातला संच

आता आपल्याकडे येऊ. १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली. पुढे छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि मराठवाड्यातही संच वाढू लागले. पडदा घरात आला. परंतु निन्टेंडो किंवा सेगाचे अस्सल यंत्र घेण्याची ऐपत आपल्या भागात कोणाची होती? १९९० नंतरच्या दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ अशा बाजारपेठांतून ‘फॅमिकॉम’च्या नकला काही शे रुपयांत मिळू लागल्या, आणि तेथून त्या तालुक्यांच्या व आठवडी बाजारांच्या गावी पोचल्या. नेकनूरचा बाजार पंचक्रोशीत ओळखला जातो तो जनावरांसाठी. तरी बैल पारखून घेणाऱ्यांच्या घरांतही ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द पोचला तो या नकलांमुळेच.

माझ्या थोरल्या चुलतभावाने असा एक संच माळ्यावर जपून ठेवला आहे. या लेखाच्या निमित्ताने मी तो उघडून पाहिला. भल्यामोठ्या पेटीत तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्यावर काळ्या लाखेसारखा एक गोळा. मूळ यंत्रात जे काम अनेक चिपा करीत ते सर्व त्या गोळ्याखालच्या एका चिपेत सामावले होते. पेटीचा बाकीचा भाग पोकळ! कॅसेटवर लाखो खेळांचा आकडा छापला आहे. प्रत्यक्षात थोडेसे खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा येतात.

या स्वस्ताईचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. एक भाग प्रामाणिक आहे. काळाच्या ओघात चिप लहान झाली, स्वस्त झाली आणि १९८३ ची रचना मुळातच काटकसरीची असल्याने ती एका गोळ्यात बसली. दुसरा भाग तसा नाही. त्या कॅसेटमधील खेळ ज्यांनी लिहिले आणि चित्रे ज्यांनी काढली, त्यांना या विक्रीतून दमडीही मिळाली नाही. येथेही खर्च नाहीसा झाला नव्हता, त्याचा धनी बदलला होता. गरिबाच्या घरी करमणूक पोचली हे खरे, आणि ती दुसऱ्याच्या श्रमावर पोचली हेही तितकेच खरे. यांपैकी एकच गोष्ट सांगणे मला योग्य वाटत नाही.

तीन खिसे

वरील विवेचनावरून असे दिसते की चित्राच्या दर्जाचा खर्च तीन खिशांतून जातो. पहिला यंत्र बनवणाऱ्याचा. दुसरा खेळ बनवणाऱ्याचा. कारण यंत्राची शक्ती वाढली की तिला शोभतील इतकी तपशीलवार चित्रे काढावी लागतात. जे काम एके काळी मोजक्या माणसांनी केले त्याला आज शेकडो कलाकार लागतात. तिसरा खिसा घेणाऱ्याचा. त्याला यंत्राबरोबर चांगला पडदा, वीज आणि खेळ यांचाही खर्च येतो. चर्चा बहुधा पहिल्याच खिशाची होते.

भारतात कबड्डी, विटीदांडू, पतंग हे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ २००९ साली निघाला तो ‘प्लेस्टेशन २’साठी, त्या वेळी ‘प्लेस्टेशन ३’ येऊन तीन वर्षे होत आली होती. मागच्या पिढीचे यंत्र स्वस्त झाले होते आणि त्यासाठी खेळ बनवणेही आवाक्यात होते. आपल्या मातीतले खेळ पडद्यावर आले ते अशा मागे पडलेल्या यंत्रावर, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आज आपल्यापैकी बहुतेकांचे खेळाचे यंत्र म्हणजे खिशातला मोबाइल. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळणाऱ्या मित्रांना ठाऊकच आहे की त्यात चित्राचा दर्जा आपणच ठरवतो. साध्या फोनवाला मुकाट्याने ‘स्मूथ’ निवडतो. परंतु महागडा फोन असलेले कसलेले खेळाडूही पुष्कळदा ‘स्मूथ’च निवडतात. त्यांना गवताच्या पात्यापेक्षा चित्राची गती महत्त्वाची वाटते. हात हलताच पडदा हलला पाहिजे. म्हणजे दर्जा हाही एकपदरी नाही. रेखीवपणा, रंग, गती, सेल टिकणे हे सारे दर्जाचेच भाग असून ते एकमेकांच्या वाट्याचे खातात.

आपला जिल्हा ऊसतोडणीसाठी घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांचा आहे. अशा घरातील मुलाला एखादी वस्तू मिळणार की नाही, हे त्या वस्तूच्या रचनेच्या वेळीच, दूर कुठेतरी एका टेबलावर, बरेचसे ठरून गेलेले असते. उद्या आपल्यातील कोणी त्या टेबलाशी बसेल. खेळाच्या नाही तर शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा शेतीच्या यंत्राचा आराखडा करील. त्याने सुंदर चित्राचा मोह धरू नये असे मी म्हणत नाही. ‘किती सुंदर?’ या प्रश्नाच्या शेजारी त्याने ‘कोणाच्या खिशातून?’ हा प्रश्नही लिहून ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. उएमुरा आणि योकोई यांच्या कामात मला हा दुसरा प्रश्न जागा दिसतो, आणि त्यांचा अभ्यास कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही करावा तो याचसाठी.